पान एकतीस, सम बाजू

लुपाश्कू पारितोषिकाचे अर्ज बंद होतात त्या दिवशी रोमानियाच्या क्लूज शहरातल्या गणितज्ञाला एक वेळ गणित आले नाही तरी चालते, पुठ्ठ्याची फाईल मात्र लागते. राखाडी पुठ्ठ्याची, आत कागद ओवायला पत्र्याची पट्टी असलेली. पस्तिशीच्या आतल्या संशोधकाला देशाने द्यायचा हा सर्वोच्च गणिती सन्मान. आणि त्याच्या नियमावलीतले पहिले कलम प्रज्ञेविषयी नव्हे, पट्टीविषयी आहे. यावर मनमोकळे हसू शकणारे लोक या देशात उरलेले नाहीत. ते केव्हाच जर्मनीला गेले.

स्मारांदा चोबोतारू अजून गेली नव्हती. तिचे वय चौतीस वर्षे अकरा महिने. विद्यापीठातली तिची कंत्राटी नेमणूक येत्या उन्हाळ्यात संपत होती. कायमची जागा एकच रिकामी होती, आणि ती पारितोषिक मिळवणाऱ्याला द्यायची असे ठरले होते. पारितोषिक मिळाले तर क्लूज. न मिळाले तर ब्रेमेन, जिथून आलेल्या पत्राला तिने अजून उत्तर दिले नव्हते. तिच्या वर्गातल्या एकोणिसांपैकी सतरा जण असेच एकेक करून गेले होते, आणि दर नाताळात परत येऊन तिला ‘तू अजून इथंच?’ असे प्रेमाने विचारीत. या प्रेमाचा तिला मनस्वी संताप येई.

तर नोव्हेंबरातल्या त्या दुपारी, अर्ज घेणारी खिडकी बंद व्हायला अर्धा तास उरलेला असताना, ती विद्यापीठासमोरच्या कागदाच्या दुकानात शिरली. बाहेर बारीक, चिवट, थांबायचे नाव न घेणारा पाऊस. आत गल्ल्यापाशी एक उंच माणूस, त्याच्या छत्रीतून जमिनीवर ओघळणारे पाणी, आणि त्याच्या काखेत दुकानातल्या शेवटच्या दोन फायली.

“या दोन्ही तुम्हाला लागणार आहेत?” तिने विचारले.

“एक लागणार आहे. दुसरी... भीती म्हणून.”

“कसली भीती?”

“पहिली चुकली तर.”

“माणसानं पहिलीच नीट लावावी.”

तो वळला. चष्म्यावर थेंब होते. ते पुसण्याऐवजी त्याने मान तिरकी करून एका कोरड्या कोपऱ्यातून तिच्याकडे पाहिले. “तुम्ही शिक्षिका आहात का?”

“तुम्ही?”

“हो. शाळेत. म्हणूनच दुसरी घेतली.” आणि त्याने एक फाईल तिच्यापुढे धरली. “घ्या. आता मला पहिलीच नीट लावायला लागणार.”

तिने पैसे पुढे केले. त्याने घेतले नाहीत. तिने आभार मानले — पण घाईत, आणि जरा चिडूनच, कारण फुकट मिळालेल्या गोष्टीत काहीतरी खोट असते हा तिचा आजवरचा अनुभव होता.

खोट दहा मिनिटांत सापडली. आवक-जावक खिडकीपुढच्या रांगेत तो तिच्या मागेच उभा होता, आणि त्याच्या फाईलवर सुवाच्य, शाळामास्तरी अक्षरांत लिहिले होते: रेमुस ओल्त्यान, लुपाश्कू पारितोषिकासाठी.

“तुम्ही मला फाईल दिलीत,” ती म्हणाली, “आणि मी तुमची प्रतिस्पर्धी आहे.”

“हे तुम्ही दुकानात नाही सांगितलंत.”

“सांगितलं असतं तर?”

त्याने खरोखरच विचार केला. “दिली असती. पण तोंड वाकडं करून.”

खिडकीपलीकडे जेताबाई होत्या. एकतीस वर्षे त्या तिथे होत्या. या काळात सात कुलगुरू आले आणि गेले. जेताबाईंचे अवघे तत्त्वज्ञान एका वाक्यात मावे: क्रमांक नाही, म्हणजे कागद नाही. एकदा खुद्द मंत्र्याची चिठ्ठी त्यांनी आवक क्रमांकाअभावी परत धाडली होती. त्यांनी दोन्ही फायलींच्या पट्ट्या बोटाने चाचपल्या, दोन शिक्के मारले आणि म्हणाल्या, “दोघांच्या फायली एकाच दुकानातल्या दिसतात.”

“योगायोग,” स्मारांदा म्हणाली.

“मी कुठं काय म्हटलं?” जेताबाई म्हणाल्या.

अंतिम फेरीत दोघेच उरले, तेव्हा तिला आश्चर्य वाटले नाही. वैताग मात्र आला. लुपाश्कूची प्रथा अशी, की अंतिम फेरीतल्या दोघांनी एकमेकांचे विरोधक व्हायचे. प्रत्येकाला दुसऱ्याचा प्रबंध वीस दिवसांसाठी मिळतो. विसाव्या दिवशी भरल्या सभागृहात त्याची चिरफाड करायची. मधल्या काळात शंका विचारता येतात, पण लेखी, पृच्छा-अर्जावर, खिडकीतून, क्रमांक घेऊन. दोन कोंबड्यांना झुंजवून मग त्यांच्या वर्तनावर अहवाल लिहिणाऱ्या विद्वानांची एक जमात असते. ही प्रथा त्यांची.

तिने पहिला प्रश्न तिसऱ्याच दिवशी पाठवला. “पान ७ वर आपण ‘सहज दिसते’ असे लिहिले आहे. कोणाला?”

उत्तर आले: “लिहिताना मला दिसले होते. आता मलाही दिसत नाही. सुधारित ओळी सोबत जोडल्या आहेत.”

मग त्याचा प्रश्न: “पान १२ वरील वर्तुळ आपण हाताने काढले आहे काय? ते बटाट्यासारखे आहे. गणितावर परिणाम नाही.”

“गणितावर परिणाम नसलेले प्रश्न या अर्जावर विचारू नयेत.”

“मान्य. गणितावर परिणाम असलेला प्रश्न: आपण शनिवारी चार वाजता कोपऱ्यावरच्या पावाच्या भट्टीवर कोव्रिग खायला याल काय? उत्तर नकारार्थी आल्यास माझ्या एकाग्रतेत व्यत्यय येईल.”

हा अर्ज जेताबाईंनी शिक्का मारण्यापूर्वी मोठ्याने वाचला होता. “कोव्रिग खसखशीचं की तिळाचं, ते लिहिलेलं नाही,” त्या स्मारांदाला म्हणाल्या. “अर्ज अपुरा आहे. पण घेतलाय मी.”

ती गेली. रागावूनच गेली, हे तिने स्वतःला वाटेत तीनदा बजावले. भट्टीच्या खिडकीतून वाफ येत होती. कोव्रिगचे, म्हणजे पावाच्या पिठाचे, गरम कडे त्याने कागदात धरले होते आणि त्याच्या कोटाच्या बाहीवर खडूची पांढरी रेघ होती.

“तुमच्या बाहीवर वर्गमूळ आहे,” ती म्हणाली.

“सातवी ‘ब’ची करामत. मी फळ्याला टेकलो होतो.” तिळाचा अर्धा भाग त्याने तिच्या हातात दिला. “तुम्हाला पारितोषिक का हवंय?”

“हा प्रश्न लेखी विचारा.”

“लेखी विचारला तर जेताबाई उत्तर देतील.”

ती हसणार नव्हती. पण तोंडात तीळ होते, आणि हसू अनपेक्षितपणे बाहेर पडले. मग तिने सांगितले — ब्रेमेनचे, सतरा जणांचे, आणि हेही, की तिला परक्या गावात शहाणी होण्यापेक्षा आपल्या गावात चिडलेली राहायला आवडते.

“आणि तुम्हाला?” तिने विचारले.

“मला शाळा आवडते. पण आठवड्याला सव्वीस तास झाले की गणित उरतं ते रविवारपुरतं. चार वर्षांचे रविवार आहेत त्या प्रबंधात.” त्याने बोटांवरचे तीळ झटकले. “जपून वाचा.”

तिने जपून वाचला. इतका जपून, की नवव्या दिवशी पान एकतीसवर तिचे बोट थबकले.

त्याची सिद्धता देखणी होती. जाळ्यातल्या सगळ्या बिंदूंच्या जोड्या लावायच्या. बिंदू विषम असतील तर शेवटी एक एकटा उरतो. आणि त्या एकट्यावर सगळा डोलारा तोलायचा. तीस पाने हा एकटा बिंदू सारे काही पेलत होता. पान एकतीसवर एकच ओळ होती: ‘सम संख्येसाठीही याचप्रमाणे.’

गणितात सगळ्यात जास्त माणसे ‘याचप्रमाणे’ या शब्दाने मारली आहेत. सम संख्येत सगळ्यांच्या जोड्या लागतात. एकटा कोणी उरतच नाही. अर्धा प्रबंध हवेत होता.

दुसऱ्या दिवशी जिन्यात समितीचे अध्यक्ष प्राध्यापक ड्रागोमिर भेटले. गेल्या सात वर्षांत चार वेळा या गृहस्थांनी ‘योग्य उमेदवार न आढळल्याने’ पारितोषिक राखून ठेवले होते, आणि त्या राखून ठेवण्यालाच ते आपले योगदान मानीत.

“काय मुली, सापडलं का काही?”

“पान एकतीस,” ती म्हणाली, आणि म्हणताच तिला पश्चात्ताप झाला.

त्यांचे डोळे चमकले. म्हणजे त्यांना आधीच माहीत होते. “छान. आता तोंड शिवून ठेव. सभागृहात काढ. दूरदर्शनवाले येणार आहेत. मास्तर फळ्यापाशी उभा राहील आणि... जागा तुझी झाली म्हणून समज.”

“आणि आधीच कळवलं तर?”

“तर त्याला दहा दिवस मिळतील, तो भोक बुजवेल, आणि तू ब्रेमेनला जाशील. साधं गणित आहे.”

गणित साधे होते. म्हणूनच तिला त्याची किळस आली. चार वर्षांचे रविवार कॅमेऱ्यापुढे फाडायचे, आणि त्याला विद्वत्ता म्हणायचे. ती थेट खिडकीपाशी गेली आणि उभ्या उभ्या अर्ज लिहिला: “पान ३१. आपली सगळी सिद्धता एकट्या उरलेल्यावर उभी आहे. सम संख्येत कोणीच एकटे उरत नाही. मग आपण कशावर उभे राहणार?”

जेताबाईंनी तो दोनदा वाचला. “हे आत्ता द्यायचंय? सभेला दहा दिवस आहेत अजून.”

“म्हणूनच.”

शिक्का पडला. उत्तर आले नाही.

एक दिवस, चार दिवस, आठ दिवस. ती रोज खिडकीपाशी जाई आणि जेताबाई नुसती मान हलवीत. तिने त्याला मनातल्या मनात सगळी विशेषणे लावून पाहिली: गर्विष्ठ, आळशी, कृतघ्न. त्यांतले एकही बसेना, याचा राग वेगळाच. स्वतःच्या हाताने आपण त्याला दहा दिवस दिले. आणि त्याने साधे ‘मिळाले’ म्हणूनही कळवू नये?

विसाव्या दिवशी सकाळी सभागृहाच्या दाराशी तो उभा होता. डोळे तारवटलेले, दाढी वाढलेली, हातात जांभळ्या शेवंतीचा गुच्छ. त्याने तो तिच्या हातात दिला.

या देशात फुले नकळत मोजली जातात. विषम असतील तर जित्यासाठी, सम असतील तर थडग्यासाठी. तिने मोजली. सहा होती.

तिने पुन्हा मोजली. सहाच.

“तुम्हाला मोजता येतं ना?” ती थंडपणे म्हणाली.

“येतं,” तो म्हणाला आणि आत गेला. तिला वाटले, हा गुच्छ याच्या तोंडावर फेकावा. पण दार बंद झाले होते.

पहिला तो बोलला. वीस मिनिटांत विषम बाजू त्याने अशी मांडली, की मागच्या रांगेतले विद्यार्थीही पुढे झुकले. मग त्याने खडू खाली ठेवला.

“पान एकतीसवर मी म्हटलंय, की सम बाजूही याचप्रमाणे. ते चूक आहे. चूक माझ्या विरोधकांनी शोधली आणि दहा दिवस आधी मला लेखी कळवली. दहा दिवस प्रयत्न केला. नाही जमलं. सम बाजू मी मागे घेतो.” त्याने क्षणभर तिच्याकडे पाहिले. “तिच्यासाठी आज सकाळी फुलंही आणली आहेत. सहा.”

सभागृहाला कळले नाही. तिला कळले... आणि मांडीवरचा गुच्छ तिने दोन्ही हातांनी घट्ट धरला. गेलेल्या प्रमेयाच्या अंत्यविधीला हा माणूस रीतसर सम फुले घेऊन आला होता, आणि ती ज्याच्या हाती द्यावीत असे साऱ्या शहरात त्याला एकच माणूस आठवले होते.

मग तिची पाळी. विरोधक म्हणून त्याने एकच प्रश्न विचारला, आणि त्यात दयामाया नव्हती: पान बारावरची तिची प्रक्रिया कधीतरी थांबते, हे कशावरून? बटाट्याचे वर्तुळ. ती फळ्यापाशी अकरा मिनिटे उभी राहिली. त्यातली पहिली चार नुसतीच. पाचव्या मिनिटाला वाट दिसली. शेवटची ओळ लिहून ती वळली, तेव्हा तो पेन्सिल खाली ठेवत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर असे निर्भेळ समाधान होते, जणू उत्तर त्यालाच सुचले होते.

प्रेक्षागृह रिकामे झाल्यावर ड्रागोमिर दोघांपाशी आले. तमाशा हुकल्याचे दुःख त्यांनी नियमावलीच्या शालीत गुंडाळून आणले होते.

“गुण चोबोतारूंचे जास्त आहेत. पण कलम चौदा: विरोधकांमध्ये निकटचं नातं असता कामा नये. आम्ही पत्रव्यवहार पाहिला. कोव्रिग.” हा शब्द त्यांनी पुरावा उच्चारावा तसा उच्चारला. “उद्या दुपारी बारा वाजता आक्षेपांची मुदत संपते. त्याआधी दोघांनी स्वयंघोषणापत्र द्या, की तसं काही नातं नाही. नाहीतर पारितोषिक राखून ठेवू.” आणि प्रत्येकाच्या हातात आक्षेपाचा एकेक सुटा कागद ठेवून ते गेले.

पायऱ्यांवर पाऊस तसाच पडत होता.

“सही करा,” रेमुस म्हणाला. “एका ओळीचं काम आहे.”

“आणि ती ओळ खरी आहे का?”

तो छत्रीच्या दांड्याकडे पाहत राहिला. “मी सही करणार आहे.”

“मी ते विचारलं नाही.”

“तुम्हाला ब्रेमेनला जायचं नाहीये,” तो म्हणाला. आणि छत्री तिच्या हातात देऊन पावसात निघून गेला. उत्तर टाळण्याची ही पद्धत तिला सभ्य वाटली, आणि म्हणूनच असह्य.

दुसऱ्या दिवशी बाराला वीस कमी असताना तिने खिडकीत फाईल सरकवली. घोषणापत्रात दोनच वाक्ये होती: ‘माझ्या बाजूने नाते आहे. त्यांच्या बाजूने आहे किंवा नाही, हे मला ज्ञात नाही.’ ती लिहिताना तिने कायमची जागा, आपले गाव आणि आपला चिडकेपणा या तिन्हींचा मनातल्या मनात निरोप घेतला होता. दुसऱ्याची खोटी ओळ पान एकतीसवर पकडायची आणि स्वतःची खोटी ओळ शिक्का मारून दाखल करायची, हे तिला जमणारे नव्हते.

जेताबाईंनी चष्मा लावला. “हे कशाचं उत्तर?”

“समितीच्या आक्षेपाचं.”

“आक्षेपाचा आवक क्रमांक?”

स्मारांदाने सुटा कागद पुढे केला. जेताबाईंनी तो उलटा केला, सुलटा केला, उजेडात धरला. “क्रमांक नाही.”

“अध्यक्षांनी स्वतः हातात दिलाय.”

“हातात तर पावही देतात. क्रमांक नाही, म्हणजे कागद नाही. आणि नसलेल्या कागदाचं उत्तर मला घेता येत नाही.”

“जेताबाई, मला हे द्यायचंच आहे. लपवून मिळालेलं पारितोषिक नको मला.”

“कुणी विचारलंच नाही, तर लपवलं कसं?” जेताबाईंनी फाईल परत सरकवली. “एकतीस वर्षं हे लोक मला कारकून म्हणतात. नियम त्यांचेच, पाळते मी एकटी. आक्षेप खिडकीतून यायला हवा होता. अजून वीस मिनिटं आहेत. आला तर घेईन. तोवर बसा बाकावर. सकाळी नऊला एकाला परत पाठवलंय, तोही बसलाय तिथंच.”

तिने वळून पाहिले. बाकावर रेमुस होता. मांडीवर पुठ्ठ्याची फाईल. ती जाऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली.

“काय लिहिलंत?” तिने विचारले.

“नातं नाही.”

“इतक्या सहज?”

“तीन मसुदे झाले. खोटं लिहायचा सराव नाही मला... पान एकतीस सोडलं तर.”

मग आपली फाईल तिने त्याच्याकडे सरकवली. गणितज्ञ वाचतात तशी त्याने ती दोन वाक्ये वाचली, आधी शेवटचे, मग पहिले, मग पुन्हा शेवटचे. त्याचे कान हळूहळू लाल झाले.

“तू हे द्यायला आली होतीस?” तो म्हणाला. ‘तू’ म्हटल्याचे त्याच्या लक्षातही आले नव्हते. “जागा गेली असती तुझी.”

“तुझी सम बाजू गेलीच की.”

“यात लिहिलंय, दुसऱ्या बाजूचं ज्ञात नाही.”

“नाहीच आहे. आणि आता त्या बाजूला ‘याचप्रमाणे’ म्हणालास, तर ही फाईल तुझ्या डोक्यात घालीन.”

“नाही म्हणणार. दुसऱ्या बाजूची सिद्धता वेगळी आहे. लांब आहे. कागदाच्या दुकानापासून सुरू होते — चष्म्यातून धड दिसतही नव्हतं, तरी.” त्याने कोटाच्या आतल्या खिशातून वर्तमानपत्रात गुंडाळलेले काहीतरी काढले. जांभळी शेवंती, कडेने जराशी सुकलेली. “काल सात घेतली होती. एक काढून ठेवलं. मेलेल्याबरोबर हेही जायला नको, म्हणून.”

मोठ्या चर्चच्या घंटा बारा वेळा वाजल्या. जिन्यावरून कोणी आले नाही. जेताबाई खिडकीतून बाहेर आल्या आणि सूचनाफलकावर एक टंकलिखित कागद टाचला: लुपाश्कू पारितोषिक, चोबोतारू स्मारांदा. मग आत जाऊन त्यांनी कॉफीचा पेला बाजूला सारला.

“आता द्या, काय द्यायचंय ते. पण पृच्छा-अर्जावर. समितीला नव्हे, विरोधकाला.”

तिने उभ्या उभ्या लिहिले: ‘दुसऱ्या बाजूचे काय?’

“उत्तर किती पानी?” जेताबाईंनी रेमुसला विचारले.

“बरंच. थोडं थोडं करून देईन.”

“मग फाईल लागेल.”

त्याने आपले खोटे घोषणापत्र पट्टीतून काढून फाडले आणि रिकामी फाईल पुढे केली. स्मारांदाने तिच्यात आपला अर्ज ओवला, त्यावर शेवंतीचा देठ पट्टीखाली अडकवला आणि पट्टी बोटाने नीट दाबली. एकच फाईल, दोघांना पुरेल अशी.

जेताबाईंनी फूल मोजले.

“एक,” त्या म्हणाल्या. “विषम आहे. चालेल.” आणि त्यांनी शिक्का मारला.